बारवेतला हंसराज आणि हैदराबादची कुंडी

मराठवाड्यात नेचा शोधायला निघालेला माणूस पहिल्या दिवशी वेडा ठरतो, दुसऱ्या दिवशी चोर, आणि तिसऱ्या दिवशी गावकरी त्याला दोर टाकून विहिरीतून वर काढतात. माझं तिन्ही झालं. नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली. कोकणातल्या प्राध्यापकाला नेचा हवा असला तर तो खिडकीतून नुसता हात बाहेर काढतो. आम्हाला दोर, बॅटरी आणि विहीरमालकाचा चांगला मूड, एवढं सगळं लागायचं.

ज्यांनी जन्मात नेचा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फूल नाही, फळ नाही, बी नाही, तरीही खानदान करोडो वर्षं चालू आहे अशी ही वनस्पती. पानाच्या पाठीवर तपकिरी भुकटी धरते. ती वाऱ्यानं उडते आणि ओल मिळाली की रुजते. ओल मिळाली की! इथंच आमचं घोडं अडतं. आमच्याकडं मे महिन्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. म्हणून आमचा नेचा राहतो जुन्या विहिरीत नाहीतर पायऱ्यांच्या बारवेत, दगडांच्या सांध्यात, पाण्याच्या हातभर वर. त्यातला सगळ्यात देखणा हंसराज. कोथिंबिरीसारखी कातरलेली पानं आणि घोड्याच्या शेपटीच्या केसासारखी काळी चकचकीत काडी.

आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या कुण्या पावसाळी गावच्या विद्वानानं हा हंसराज सक्तीचा करून ठेवलेला. प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येक पोरासमोर एक पान ठेवायचंच. मग सुरू व्हायची उसनवारी. उदगीरहून डबा नांदेडला, नांदेडहून नायगावला. एसटीत कुणी मांडीवर कुंडी घेऊन, लेकराला धरावं तशी धरून बसलेला दिसला की समजायचं, हा बॉटनीवाला. एकदा कंडक्टर मला म्हणाला, "सर, कोथिंबिरीचं हाफ तिकीट फाडू का?" उसनवारी पुरली नाही की आम्ही हैदराबादच्या नर्सरीतून कुंड्या आणायचो.

परीक्षा संपली की उरलेल्या रोपांचं काय करायचं? जिवंत रोप कचऱ्यात टाकायला आमच्या खात्यात कुणाचा हात धजत नसे. मग ओल्या फडक्यात गुंडाळून ते जवळच्या विहिरीत, दगडाच्या फटीत खोचून द्यायचं. कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्या जिल्ह्याचे बॉटनीवाले हे करायचे. पुण्य लागतं म्हणायचे. लागलेलं मी कुणाला पाहिलं नाही. उलट त्यानं पुढं जो काला झाला तोच सांगायला बसलोय.

नर्सरीतला हंसराज आणि आमच्या विहिरींतला हंसराज या दोन वेगळ्या जाती. नर्सरीतला मूळचा सातासमुद्रापलीकडचा, शोभेसाठी आणलेला. आमचा घरचा. दिसायला मात्र जुळे भाऊ. पुस्तक म्हणतं, पानाची कड मागं दुमडून भुकटीवर जो पदर येतो तो घरच्याचा लांबट असतो आणि परक्याचा वाटोळा. पुस्तक लिहिणारा आमच्या विहिरीत उतरला नव्हता. आमच्या विहिरीतल्या अर्धपोटी रोपाचा पदर सकाळी लांबट दिसतो, दुपारी वाटोळा आणि संस्थेचे अध्यक्ष तपासणीला आले की दिसतच नाही.

नसरीन माझ्याकडं पीएच.डी. करायला आली तेव्हा हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. उदगीरची मुलगी, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बारीक वस्तू बघायची नजर घरातूनच आलेली. तिनं विषय आणला तो ऐकून मी खुर्चीतून उठलो. भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या लातूरकडच्या एका गावात जुनी बारव होती. गाव उठून नव्या जागी गेलं, बारव तिथंच राहिली. भूकंपात तिची भिंत वरपासून खालपर्यंत उकललेली, त्या भेगेतून पाणी झिरपायचं आणि त्या झिरप्यावर हंसराज झुलत होता. नसरीनचं म्हणणं असं की भूकंपानं नवी ओल उघडली, वाऱ्यानं भुकटी आणली आणि मोडलेल्या गावात सगळ्यात आधी हा राहायला आला. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा सिद्धांत. मार्गदर्शक म्हणून मी लगेच सही ठोकली.

त्याच वेळी अहमदपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची जागा निघणार होती. तोवर प्रबंध जमा झालेला हवा. नसरीनच्या नोंदणीची मुदतही संपत आली होती. सगळं नीट चाललेलं असताना विद्यापीठाच्या संशोधन समितीतल्या एका गृहस्थानं विचारलं, "वाऱ्यानंच आला कशावरून? कुणा बॉटनीवाल्यानं परीक्षेनंतर खोचला नसेल कशावरून?"

मी खोकलो. दुसरं काय करणार?

मग आधी हे ठरवणं आलं की बारवेतला हंसराज घरचा की नर्सरीचा. नर्सरीचा निघाला तर सिद्धांत खलास. म्हणजे वारा नव्हे, माणूस. भिंगाखाली धरून मी म्हणालो, लांबट. नसरीन म्हणाली, वाटोळा वाटतोय सर. आमचे प्रयोगशाळा परिचर कांबळेमामा डोळा लावून बराच वेळ बघून म्हणाले, "मला तर हे लवंगेवानी दिसून राहिलं."

शेवटी डीएनए करायचं ठरलं. बाहेरच्यांना वाटतं यात फार मोठी जादू असते. आमच्या हातात होतं ते एवढंच. पानाचा तुकडा तोडायचा, नव्या बुटाच्या खोक्यात पुडी असते ना, तसल्या दाण्यांत वाळवायचा, पाकिटावर नाव घालून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला धाडायचा. तिथली माणसं पानाच्या हिरव्या कणांमधलं एक जनुक वेगळं काढतात आणि त्यातली अक्षरं ओळीनं वाचतात. अक्षरं चारच, पण ती लागतात कशी त्यावर जात ठरते. जगभरच्या ओळखीच्या नेच्यांची अक्षरं संगणकात साठवलेली असतात. आपली त्यांच्याशेजारी ठेवून बघायची. तोंडावळ्यावर जायचंच नाही, सरळ वंशावळच वाचायची.

आम्ही तीन पाकिटं धाडली. पहिल्यात बारवेतला हंसराज, ज्याचा निकाल हवा होता. दुसरा उदगीरकडच्या एका विहिरीतला, पिढ्यान् पिढ्या तिथलाच, म्हणून पक्का घरचा. तिसरा आमच्या प्रयोगशाळेतल्या कुंडीतला, पक्का नर्सरीचा. ती कुंडी मी स्वतः हैदराबादहून मांडीवर आणली होती, त्यामुळं तिच्या कुळाबद्दल शंका घेणं म्हणजे माझ्या मांडीबद्दल शंका घेणं.

रिपोर्ट आला. बारवेतला: घरचा. नसरीननं टाळी वाजवली. पुढची ओळ वाचून तिचे हात हवेतच राहिले. प्रयोगशाळेतली कुंडी: घरचा. उदगीरची विहीर: नर्सरीचा.

मी कागद उलटा धरून वाचला. उजेडात धरला. चष्मा पुसला, मग कागदच पुसला. पाकिटं अदलाबदल झाली असणार म्हणून पुन्हा नमुने घेऊन, पुन्हा नावं घालून धाडले. पुन्हा तेच उत्तर. ज्याला घरचा म्हणून आम्ही दाखवत होतो तो पाहुणा निघाला आणि पाहुणा म्हणून ज्याला पाणी घालत होतो तो घरचा.

"सर," नसरीन म्हणाली, "म्हणजे लहानपणापासून मी ज्याला आमच्या उदगीरचा हंसराज म्हणत आले, तो तुम्हा लोकांनी टाकलेला हाय?"

"बेटा, उदगीरला परीक्षा केंद्र असायचं," मी म्हणालो. "अख्ख्या भागातले परीक्षक तिथं जमायचे. कुणी खोचला, कितींनी खोचला, आता कोण सांगणार? पुण्य वाटून घेतलंय सगळ्यांनी."

उदगीरचं कोडं असं सुटलं. कुंडीचं मात्र सुटेना आणि खरं भय कुंडीचंच होतं. बारवेतला घरचा आणि कुंडीतलाही घरचा. मग कुंडीतून बारवेत गेला की बारवेतून कुंडीत आला? कुणी कुंडीतलाच तुकडा नेऊन बारवेत खोचला असेल तर? डीएनए जात सांगतो. कोण कुणाकडं राहायला गेलं आणि कधी गेलं, ते त्या अक्षरांत लिहिलेलं नव्हतं.

कांबळेमामांना समोर बसवलं. मामा टेबलाच्या कडेवर बोट फिरवू लागले.

"सर, तुमी आणलेली कुंडी मेलती," ते म्हणाले.

"कधी?"

"भूकंपाच्या साली, उन्हाळ्यात. मी रोज पानी घालून राहिलो, पन ती काय ऱ्हाईना. वाळून कोळसा झाली. तुमाला कसं सांगावं म्हनून पानी घालतच राहिलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर आलो तर कुंडी हिरवीगार!"

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मेलेली कुंडी हिरवी झाली तर कुनी तक्रार करतं का, सर?"

नसरीननं शांतपणे विचारलं, "मामा, तेव्हा प्रयोगशाळेची दुसरी किल्ली कुणाकडं होती?"

"बिरादार सरांकडं."

बिरादार आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो. दोघांनी मिळून विहिरी पालथ्या घातल्या. पुढं त्यानं नोकरी सोडली आणि लातूरला जीवशास्त्राचा क्लास काढला. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांची लाट लातूरवर फुटली तिच्या बरोबर माथ्यावर हा बसलेला. त्याच्या क्लासच्या हॉलबद्दल लोक काहीही सांगतात. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. हजेरी संपेपर्यंत पहिल्या पोराला मिशा फुटत आणि पुढच्या बाकावर सांगितलेला विनोद मागच्या बाकावर पोचून हसू परत येईस्तोवर बिरादारचे दोन धडे झालेले असत.

नसरीनला घेऊन मी गेलो तेव्हा तो नेचेच शिकवत होता. पडद्यावर भिंतीएवढा हंसराज. खाली शेकडो माना आणि एकाच्याही हातात एक पान नाही.

तास संपवून तो केबिनमध्ये आला, कॉलरला माइक तसाच. "काय जाधवा! आलास ना शेवटी माझ्याकडं नोकरी मागायला? अन् ही कोण? बॉटनीला ठेवू का हिला?"

"नोकरीला नाही आलो. एक कुंडी विचारायला आलोय," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

बिरादारनं आधी माइक काढून टेबलावर ठेवला. त्याचा आवाज एकदम केबिनच्या मापाचा झाला. "मीच लावला तो. भूकंपानंतर पोरं घेऊन आपण मदतीला गेलतो बघ. तू तापानं आडवा झालास म्हनून परतलास. मी मागं राहिलो. त्या बारवेत हात धुवायला उतरलो होतो. भिंतीचा एक चिरा निखळून पायरीवर पडलेला, त्याला हा चिकटलेला. पिशवीत घातला. इकडं येऊन बघतो तर तुझी कुंडी मेलेली. लावून दिला. झालं."

नसरीन टेबलावर पुढं झुकली. "केवढा होता, सर?"

बिरादारनं दोन्ही हात पसरून माप दाखवलं. भाकरीच्या टोपल्याएवढं. "मुळ्या तर दगडाला अशा धरून, की सुटेचनात."

नसरीननं पेनाला टोपण लावलं. मला समजायला थोडा वेळ लागला. टोपल्याएवढा हंसराज दगडावर वाढायला वर्षंच्या वर्षं लागतात. भूकंपानंतरच्या त्या दिवसांत तो एवढा होता, म्हणजे भेग पडायच्या आधीपासून तो त्या बारवेत होता. कुणी खोचलेला नाही, घरचाच, सगळं खरं. पण भूकंपानंतर राहायला आला नव्हता. तिथलाच होता. डीएनएनं वाचवलेला सिद्धांत बिरादारच्या दोन पसरलेल्या हातांनी मोडला.

बिरादार धंद्यात मुरलेला. आमची तोंडं बघून त्यानं ताडलं. "थांबा. हिचं काय नुकसान हाय का यात?"

मी सांगितलं. प्रबंध, मुदत, अहमदपूर.

"मग मी काय बोललोच न्हाई!" तो म्हणाला. "अरे, कुनाला ठाऊक हाय? इतकी वर्षं मी कुनाला सांगितलं न्हाई, आता कामून सांगू? पोरी, रिपोर्ट तुझ्या बाजूनं हाय. बारवेतला घरचा, बस्स. जमा कर अन् मोकळी हो."

इथं मी करारी चेहरा करून सत्याची बाजू घेतली असं लिहिता आलं असतं. पण मी पंख्याकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बरोबर बोलतोय हा.

परतीची एसटी अहमदपूरला आली. स्टँडवर गाडी थांबल्यावर नसरीन म्हणाली, "सर, त्यांनी आपल्याला सांगितलंच कामून? नर्सरीतून आणली म्हटले असते तर काय झालं असतं?"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी." आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या होऊ घातलेल्या नोकरीचं गाव खिडकीतून मागं गेलं तेव्हाही तिनं मान वळवली नाही.

पुढच्याच आठवड्यात तिनं ते प्रकरण काढून टाकलं. नुसतं एक प्रकरण नव्हे, घराचं आढंच काढलं म्हणा. मग विषय बदलून घेतला. लातूर-नांदेडच्या कोणत्या विहिरीत घरचा हंसराज उरला आहे आणि कोणत्या विहिरीत आमच्या पुण्याईचा नर्सरीवाला बसला आहे, ते डीएनएनं तपासायचं. मुदत वाढवून घ्यावी लागली. अहमदपूरची जागा दुसऱ्याला गेली. मी उदगीरला तिच्या वडिलांना समजवायला गेलो. एका घड्याळाच्या पोटात चिमटा घालून ते ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "घास असली निकली ना, सर? फिर रोना कायकू?"

मला मात्र रडावं की हसावं ते कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. माझ्या देखरेखीखाली एका मुलीनं सुंदर सिद्धांत घालवून खरी यादी केली. जिथं जिथं नर्सरीवाला निघाला तिथं तिथं आम्हीच निघालो. आमच्या खात्यानं इतकी वर्षं काय केलं असं कुणी विचारलं, तर त्या प्रबंधात नकाशा आहे. नायगावकडच्या एका विहिरीत दोन्ही जाती शेजारी शेजारी निघाल्या. तिथले शिक्षक मला म्हणाले, "जाधव सर, हे बी तुमचंच लेकरू का?" मी म्हणालो, "तोंडावळ्यावरून सांगता येत नाही."

नसरीनला पदवी मिळाली, नोकरी मिळायला आणखी वेळ लागला, पण मला सांगायचंय ते तिच्या मौखिक परीक्षेचं. आमच्याकडं ही परीक्षा खुली असते. नातेवाईक येतात, बाकांवर दाटीवाटीनं बसतात, कुणाला काही कळत नाही आणि सगळे मान डोलवतात. तिचे वडील पहिल्या रांगेत. बिरादार शेवटच्या. स्वतःची बॅच रद्द करून आलेला. लातुरात त्या दिवशी बिरादारनं बॅच रद्द केली ही बातमी पोरांनी भूकंपासारखीच घेतली म्हणे.

बाहेरून आलेले परीक्षक पान उलटता उलटता एका तळटिपेवर थांबले. "इथं तुम्ही लिहिलंय की या बारवेतला हंसराज भूकंपाच्या आधीपासूनचा आहे. आधार काय? 'बिरादार, प्रत्यक्ष माहिती.' म्हणजे एका माणसाच्या आठवणीवर तुम्ही स्वतःचाच सिद्धांत मोडलात? आठवण हा पुरावा होतो का?"

"डीएनए फक्त जात सांगतो सर, वेळ सांगत न्हाई," नसरीन म्हणाली. "वेळेसाठी माझ्याकडं ते एकटेच हायत."

"इतक्या वर्षांनी माणूस काहीही सांगतो. जागा चुकली असेल. दुसरीकडून आणला असेल. हे गृहस्थ आहेत कुठं?"

शेवटच्या रांगेत बिरादार उभा राहिला. हजार पोरांना एका दमात गप्प करणारा तो आवाज त्या छोट्या खोलीत कुणाला ऐकू जाईना.

"जरा मोठ्यानं बोला," परीक्षक म्हणाले.

"जागा चुकली न्हाई, सर," बिरादार म्हणाला. "ती बारव मी चुकू शकत न्हाई. आम्ही तिथं ढिगाऱ्यातून माणसं काढायला गेलतो." त्यानं पुढच्या बाकाची पाठ धरली. "सगळा दिवस काढत होतो. जिवंत हाताला लागलं, ते एवढंच."

परीक्षकांनी तळटिपेवरचं बोट काढलं आणि पान उलटलं नाही. कांबळेमामा चहाचा ट्रे घेऊन दारात आले होते. ते दारातच थांबले. नसरीन वळून बिरादारकडं बघत होती. मग परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, "बसा, सर."

बिरादारला बसायला जरा वेळ लागला.